शुक्रवारपर्यंत तीन ओळी

सत्र संपत आलं की मी सगळ्यांना चिठ्ठी पाठवते:
या काळात काय मिळवलंत ते तीन ओळींत लिहा,
शुक्रवारी दुपारी चारच्या आत.

कॉलेज लहान. मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला.
नदीच्या या काठाला आम्ही, पलीकडे कॅनडा,
तिथलं घड्याळ तासभर पुढे.
पुलावरून रोज येणारी क्लॅरिस व्हायोलेट
त्या घड्याळावर जगते,
म्हणून तिचा कागद सगळ्यांत आधी येतो.
तिच्या अकरा मुली परिचारिकेची परीक्षा पास झाल्या.
खाली बारावीचंही नाव:
‘नापास. जूनमध्ये पुन्हा बसणार.’
खोडायला पेन उचललं होतं मी.
राहू दिलं.

इतिहासाचे एमेरिक सिरॉइस दारात घुटमळतात.
लाकूडतोड्यांच्या हिशेबवह्यांवरचा लेख
तिसऱ्यांदा परत आला,
पण या वेळी नकाराची कारणं दोन पानं भरून.
‘कुणीतरी शेवटपर्यंत वाचलंय, गाएतान.
हे घालता येईल का?’
त्यासाठी रकाना नव्हता. मी एक नवा आखला.

आणि डॉक्टर थिबोडो.
तीन म्हटलं की तेहतीस ओळी.
बटाट्याच्या करप्यावरचा निबंध ऑस्लोत वाचला,
तर सभागृहाचं नाव, खुर्च्या किती,
टाळ्या कुठल्या वाक्याला पडल्या,
परतीच्या विमानात शेजारी कोण होतं.
मी कात्री चालवते.
ते चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत,
पाचव्या दिवशी कुट्टूची धिरडी
रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवतात.

पत्रक छापून झालं.
सोमवारच्या टपालात राज्य मंडळाचं पाकीट:
रोझेअर पेल्टिये, बॉयलर चालक,
वरच्या वर्गाची परीक्षा उत्तीर्ण.
वय एकसष्ट. मला पत्ता नाही.
एकोणीस वर्षांत या माणसाने
एक ओळ पाठवलेली नाही.

तळघरात उतरले. तो वॉल्व्ह पुसत होता.
‘अरे, सांगायचं नाही का?’
‘काय सांगू? बॉयलर तोच आहे.’
मग बराच वेळ गप्प. मग, जरा अडखळत,
जानेवारीतली ती रात्र:
वीज गेलेली, बाहेर उणे छत्तीस,
आणि काचघरात थिबोडोंची रोपं,
सहा वर्षांचं बियाणं, बोटाएवढं.
जुन्या भट्टीत लाकूड घालत
दोघे पहाटेपर्यंत आळीपाळीने बसले होते.
‘डॉक्टर डुलक्या काढत होते,’ तो हसला,
‘आणि झोपेत लॅटिन नावं घेत होते.’

वर आले. मनात राग भरलेला:
तेहतीस ओळी लिहिणाऱ्याला
एक ओळ या माणसासाठी सापडू नये?
जाब विचारायचा म्हणून
थिबोडोंचा मूळ कागद काढला.

ओळ एकोणतिसावी:
‘जानेवारीच्या त्या रात्री रोझेअर नसता
तर ऑस्लोत दाखवायला माझ्याकडे
फक्त रिकाम्या कुंड्या असत्या.’

तिच्यावर आडवी लाल रेघ.
रेघ माझी.

खुर्चीत बसून राहिले.
खिडकीबाहेर बर्फ हटवणारी गाडी
मागे येताना पिपाणी वाजवत होती.
एकोणीस वर्षं, दोन सत्रं, म्हणजे अडतीस पत्रकं.
आटोपशीर लिहिते म्हणून डीननी एकदा
सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती.
जुन्या कागदांची पेटी कपाटात आहे.
अजून उघडली नाही.

दुरुस्तीची चौकट वेगळी छापली.
एकोणतिसावी ओळ जशीच्या तशी,
खाली परीक्षेचा निकाल, वर्ग, गुण,
आणि उणे छत्तीसचा आकडा ठळक.
पहिली प्रत घेऊन मीच तळघरात गेले.

रोझेअरने चश्मा शोधला. वाचलं.
पुन्हा वाचलं. कान लाल झाले.
मग काजळी लागलेलं बोट
आकड्यावर टेकवून म्हणाला,
‘छत्तीस नाही गं.
मी चुकीचं सांगितलं.
अडतीस.’